त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात जामखेडच्या वाटेनं

मिरजगावच्या एसटी स्टँडवर तुम्ही उभे आहात आणि साल आहे १९७३. मे महिना. सकाळचे आठच वाजलेत, तरी ऊन चटके देतंय. नगर-सोलापूर रस्ता आजच्यासारखा रुंद नाही. समोरून ट्रक आला की बैलगाडीला डांबर सोडून खाली उतरावं लागतं. रस्त्याकडेचे कडुलिंब तेवढे हिरवे आहेत. त्यांच्यापलीकडं नजर पोचेल तिथवर उघडी, भेगाळलेली जमीन. तीन वर्षं पाऊस असा धड झालेलाच नाही. बहात्तर साली तर खरीपही गेलं आणि रब्बीही. ज्वारीवर जगणारा हा कर्जत-जामखेडचा पट्टा, आणि घरोघरच्या कणग्या रिकाम्या पडल्यात.

जामखेडची गाडी यायला अवकाश आहे. तोवर गावाबाहेर जाऊन या. तिथं पाझर तलावाचं काम चाललंय. माती भरलेल्या पाट्या डोक्यावर घेऊन बायांची रांग भरावावर चढतेय आणि रिकाम्या पाट्या घेऊन उतरतेय. एका बाजूला खडी फोडणाऱ्या बसल्यात. दगड धरायच्या हाताच्या बोटांना त्यांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्यात. मुकादम मस्टरवर नावं चढवतोय. कालपर्यंत ज्यांच्या वाड्यावर चार गडी राबत होते, अशा घरच्या बायकाही डोईवरचा पदर पुढं ओढून याच रांगेत आहेत. दुपारी सुकडी मिळेल. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळते. तिची भाकरी घशाखाली उतरत नाही, पण दुसरं आहेच काय?

बाभळीच्या फांदीला झोळी बांधलीय. जवळ जा, आत बघा. वर्षाचं मूल असावं, पण अंगानं चार महिन्यांचं दिसतं. पोट पुढं आलंय, हातापायांच्या काड्या झाल्यात, केस पिंगट पडलेत. माशा हाकलायचीही ताकद त्याच्यात नाही. त्याची आई पाटी खाली ठेवून येते, तुमच्याकडं बघते आणि मुलाला पदराखाली घेते.

"कितवं?"

"सातवं. हायती चार."

"बाकीची?"

"ऱ्हायली न्हाईत. सटवाईनं तेवढंच लिवलं हुतं."

ती हे रडत सांगत नाही, पाणी कुठल्या विहिरीवरून आणते ते सांगावं तसं सांगते. पाचवीच्या रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते, आणि लिहिलेलं कुणाला पुसता येत नाही. जामखेड भागात १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बाळांमागं १७६ बाळं वर्षाची व्हायच्या आत दगावली. दर सहा पाळण्यांमागं एक पाळणा रिकामा, अशी ही मोजणी. या बाईच्या घरी ती त्याहून वाईट लागू झाली, एवढंच.

गाडी आली. चढा. लाल एसटी, खिडक्यांना काचा नाहीत, धूळ तोंडात जाते. मिरजगाव मागं टाकून तुम्ही पूर्वेकडं निघता. सीना नदी लागते, तिच्या पात्रात खड्डे खणून बाया वाटीवाटीनं पाणी उपसतायत. दोन्ही अंगांना माळ, मधूनच काळविटांचा कळप दिसतो. याच टापूत चौंडी आहे, अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव; पुढं पन्नास वर्षांनी जिल्ह्याला त्यांचंच नाव लागणार आहे.

सुधारणेचं वारं या जिल्ह्याला नवं नाही. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते नगरला, सिंथिया फरार यांच्याकडं. मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' हे सत्यशोधकी साप्ताहिक काढलं, तेही शहरातून नव्हे. आधी सोमठाणे आणि मग नेवासे तालुक्यातलं तरवडी, अशा खेड्यात छापखाना थाटून त्यांनी ते १९६७ पर्यंत, म्हणजे आयुष्यभर चालवलं. शेतकऱ्यानं भटभिक्षुकीतून आणि सावकारीतून बाहेर यावं, मुलींनी शिकावं, जातीचा जाच संपावा, हे पन्नास वर्षांहून जास्त काळ या मातीत छापून निघत होतं. पण झोळीतल्या त्या मुलापर्यंत छापलेला कागद पोचत नाही. त्याच्या आईला वाचता येत नाही.

जामखेडला उतरलात की आरोळे डॉक्टरांचा दवाखाना कुठं, असं कुणालाही विचारा. इमारत बघून थोडे चक्रावाल. हा जनावरांचा जुना दवाखाना. वापराविना पडून होता, गावानं तो या नवरा-बायकोला दिला आणि १९७० साली त्यांनी त्यातच काम सुरू केलं. आता ही दोघं कोण, ते ऐका.

रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच, शिक्षकाच्या घरातले. मेबल जबलपूरच्या, त्यांचे वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघं एकत्र शिकली आणि १९६० साली लग्न केलं. आपलं आयुष्य खेड्यातल्या, सगळ्यात मागं राहिलेल्या माणसांसाठी खर्च करायचं, असा शब्द त्यांनी त्याच वेळी एकमेकांना दिला होता. नंतर काही वर्षं त्यांनी याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काढली. रुग्णांची रीघ लागायची, नाव झालं होतं. आणि तिथंच त्यांच्या ध्यानात आलं की आपण ज्याला बरं करून घरी पाठवतो तो महिन्या-दोन महिन्यांनी तोच आजार घेऊन परत दारात उभा राहतो. बहुतेक दुखणी टाळता येण्याजोगी होती. घाण पाणी, अपुरं अन्न, अडाणी बाळंतपण, आणि कुणाच्याही आधाराशिवाय जगणारी बाई, ही त्यांची मुळं. ती रुग्णालयाच्या कुंपणाबाहेर होती. दोघं अमेरिकेला गेली, पुढचं शिक्षण घेतलं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकली. तिथं राहिली असती तर काय कमी पडलं असतं? ती परत आली, आणि आली ती थेट जामखेडला. रेल्वे नाही, पाणी नाही, पावसाचा भरवसा नाही अशा तालुक्यात.

आता दुपारी डॉक्टरांबरोबर गावात जा. जीप वेशीशी थांबते. तुम्हाला वाटेल, आता औषधाची पेटी उघडणार. पेटी उघडत नाही, व्हॉलीबॉल बाहेर निघतो. गावातले तरुण आधी लांब उभे राहतात, मग एकेक आत येतो. मराठ्याचा, धनगराचा, महाराचा, वंजाऱ्याचा पोरगा एकाच जाळ्याच्या एका बाजूला उभा राहतो, कारण खेळायचं तर दुसरा इलाज नाही. खेळ संपल्यावर घाम पुसत सगळे बसतात आणि मग बोलणं निघतं. गावाला आधी काय पाहिजे? कुणीही दवाखाना म्हणत नाही. पाणी म्हणतात, आणि खायला म्हणतात. आरोळ्यांनी हे ऐकून घेतलं, ही त्यांच्या कामातली पहिली मोठी गोष्ट. मुलांसाठी गावोगाव अन्न शिजवायचं ठरलं, ते शिजवायचं काम गावातल्या तरुण मंडळांनी उचललं, आणि मुलं एका पंगतीत बसली.

पाण्याचं तर त्याहून नीट बघा, कारण तिथं एक शांत डाव खेळला गेला. कूपनलिका कुठं घ्यायची ते भूजलाचा जाणकार ठरवणार. खुणा करता करता पाणी 'लागलं' ते बहुतेक वेळा दलितवस्तीत. आधीच तसं ठरलेलं होतं. गावच्या पाटलांना पाणी पाहिजे असेल तर घागर घेऊन त्या वस्तीत जावं लागेल. तुम्ही पंपापाशी उभे राहा. पहिले दोन दिवस वरच्या आळीतल्या बाया येत नाहीत. तिसऱ्या दिवशी एक येते, बाजूला उभी राहते, कुणी बघत नाही असं पाहून हात लावते. दांडा वर-खाली होतो, पाणी येतं. आठवड्यात रांग लागते. शतकानुशतकं जिला पाणवठ्यावर पायही ठेवू दिला नव्हता, तिच्या दारातल्या पंपावर आज पाटलीणबाई आपली पाळी यायची वाट पाहतेय. या देशात चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली माणसांनी डोकी फोडून घेतली होती. इथं तेच पाणी दुष्काळाच्या निमित्तानं, भाषणाविना, दुसऱ्या अंगानं मोकळं झालं. याला कुणी युक्ती म्हणेल. मला तो सुधारकाचा शहाणपणा वाटतो.

पण आजारपणाचं काय? गावात नर्स ठेवायची, असा आधीचा बेत होता. तो साफ फसला. शिकलेल्या मुली एकट्यानं खेड्यात राहायला तयार होईनात, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. परक्या गावात एकट्या बाईनं राहणं सुरक्षित नव्हतं. गावच्या बायकाही परकीला आतल्या गोष्टी सांगेनात. मग गावकऱ्यांशी बोलता बोलता मार्ग सापडला: गावातलीच बाई निवडा. गावानं निवडलेली, लग्न झालेली, पोरंबाळं असलेली, गावातून कुठं न जाणारी. तिला लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल. डॉक्टर तिला शिकवतील.

आज अशा बायका मुक्कामाला जामखेडला आल्यात. रात्रीच्या शिकवणीला तुम्हीही बसा.

खोली मोठी नाही. कंदिलाच्या उजेडात वीसएक बाया भिंतीला टेकून बसल्यात. काहींनी तोंडावर पदर घेतलाय. एक कोपऱ्यात अगदी उंबऱ्याशी बसलीय, कारण जन्मभर तिला तेवढंच आत येऊ दिलं गेलंय. डॉक्टरबाई खुर्चीवर नाहीत, त्यांच्यातच सतरंजीवर आहेत. आधी औषधाचं नावही निघत नाही. तुझं नाव काय, एवढंच विचारतात. बाया गोंधळतात. अमक्याची आई, तमक्याची बायको, थोरल्या घरची सून, अशीच उत्तरं येतात. स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायला कितीतरी वेळ लागतो. उंबऱ्यापाशी बसलेलीला सर्वांत जास्त लागतो. मेबल आरोळे वाट बघतात. हा वेळ वाया गेला असं त्यांना वाटत नाही. किंबहुना सगळं काम यातच आहे, असं त्यांचं मत आहे.

मग धडा सुरू होतो. बाळ जन्मलं की नाळ कशानं कापता? "इळ्यानं," कुणी म्हणते. विळा कुठं असतो? गवत कापायला, शेणाच्या गोठ्यात. त्यावर काय लावता? राख, कधी शेण. मग आठवड्याभरानं बाळाचा जबडा आवळतो, अंग ताठ होतं, दूध ओढता येत नाही. त्याला इथं कुणी सटवाईचा कोप म्हणतं, कुणी बाहेरची बाधा. डॉक्टरबाई सांगतात, हा धनुर्वात. विळ्यावरच्या मातीतून तो आत जातो. नवं ब्लेड घ्या, दोरा पाण्यात उकळा, हात साबणानं धुवा. पोटुशी असतानाच आईला सुई टोचून घ्या. खोलीत शांतता आहे. बाया आपापली गेलेली बाळं मोजतायत. कोण कितव्या दिवशी गेलं, ते त्यांना पक्कं आठवतं. एक हळूच म्हणते, "म्हंजी माझ्या दोघांना ह्योच रोग व्हता." कपाळावरची अक्षरं पहिल्यांदा पुसली गेली ती इथं, कंदिलाच्या उजेडात.

पुढं आणखी. पहिला चीक पिळून टाकू नका, बाळाला तोच पाजा. पोटुशी बाईला उपाशी ठेवू नका. मूल मोठं होऊन अडेल या भीतीनं तिला कमी खाऊ घालता, म्हणून ते अशक्त जन्मतं. जुलाब लागले की पाणी बंद करू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर घालून घोट-घोट पाजत राहा. दोनच वर्षांपूर्वी, १९७१ साली, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीचे हजारो रुग्ण जगवले. तेव्हाचे मोठमोठे डॉक्टर अजून सलाईनच्या बाटलीशिवाय बोलायला तयार नाहीत, आणि जामखेडच्या या खोलीत निरक्षर बाया ते शिकून घेतायत.

जेवणाची वेळ होते तेव्हा खरी अडचण उभी राहते. कुणी भाकरी फडक्यातच ठेवते, म्हणते भूक नाही. कुणी पाठ फिरवून बसते. जात सांगायची कुणाला गरज नसते, बसण्याच्या जागेवरूनच ती कळते. पहिल्या मुक्कामाला हे असंच होतं. आरोळे दोघंही सगळ्यांबरोबर, त्याच स्वयंपाकातलं जेवतात आणि कुणाला टोचून बोलत नाहीत. मग झोपायची वेळ येते. पांघरुणं निरनिराळी नाहीत. अनेक जणींना मिळून एक, अशी लांबरुंद पांघरुणं शिवून घेतलीयत. पांघरायचं तर आत शिरायचं, आणि आत शिरायचं तर शेजारणीला खेटायचं. तुम्ही दाराशी उभे राहून बघा. आधी मध्ये फट ठेवून पडतात. मध्यरात्री फट राहत नाही. सकाळी एकीचं लेकरू दुसरीच्या कुशीत झोपलेलं असतं, आणि ती दुसरी कोण, कुठल्या आळीतली, हे विचारायला आता उशीर झालेला असतो.

महिना-दीड महिना पुढं जा. पाऊस पडलाय, पेरण्या चालल्यात. उंबऱ्याशी बसणाऱ्या त्या बाईच्या गावात तुम्ही आहात. रात्री तिच्या झोपडीच्या दारावर काठी वाजते. बाहेर वरच्या आळीतला माणूस उभा आहे. त्याच्या सुनेच्या पोटात कालपासून कळा येतायत, सुईण थकली. तो "चल" म्हणतो. पण त्याच्या घरात पाय ठेवायचा कसा, हे त्यालाही सुचत नाही आणि हिलाही. हिनं कधी त्याच्या वाड्याच्या ओट्याच्या वर पाऊल टाकलेलं नाही. ती पिशवी उचलते. पिशवीत साबण, उकळलेला दोरा, कागदात गुंडाळलेलं ब्लेड आणि स्वच्छ फडकी आहेत.

वाड्यात सासू आडवी येते. सुईण तिला ओळखते, तीही बिचकते. मग आतून सुनेची किंकाळी येते आणि सासू बाजूला होते. पुढचा तास तुम्ही सोप्यावर ऐकत बसा. आत तिचा आवाज हळूहळू मोठा होत जातो. पाणी तापवा. हात धुवा, तुम्हीबी धुवा. तो इळा बाहेर ठेवा. आपल्या घरात आपल्यालाच हुकूम सोडणारा तिचा आवाज ऐकून म्हातारा सासरा बाहेर गप्प बसलाय. बाळ रडतं. मुलगी आहे. सासूचं तोंड पडतं, आणि ती बाई तिला म्हणते, "पदराखाली घ्यायला सांगा तिला, लगीच. चीक टाकू नगा." आठव्या दिवशी ती परत जाते. बाळ दूध ओढतंय. त्या आठव्या दिवसाचा अर्थ तिला कळतो. ज्यांना तो कळतो अशा बाया आता आसपासच्या गावांत एकेक करून वाढतायत.

या वाड्यात हिला त्या रात्री कुणी जेवायला विचारलं का, याचा तपास करू नका. पुढच्या खेपेला चहा दिला गेला, कपबशी वेगळी होती. त्याच्या पुढच्या खेपेला वेगळी नव्हती. बदल असाच होतो, आणि तो इतका सावकाश होतो याचा सुधारकांना फार त्रास होतो. आरोळ्यांनाही होत असणार. पण त्यांनी घाई केली नाही.

आता थोडं भरभर चला. १९७६ साल: हजारामागं १७६ बाळं दगावत होती, तो आकडा ५२ वर आलाय. याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेचं एक पुस्तक जामखेडची हकीकत जगाला सांगतं. १९७८: सोव्हिएत संघातल्या अल्मा-अता इथं जगभरची सरकारं प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य करतात, त्यात खेड्यातल्या माणसानं स्वतःच्या आरोग्याचा कारभार हाती घ्यावा, असं म्हटलंय. जामखेड आणि तशाच मोजक्या ठिकाणांनी हे आधीच करून दाखवलं होतं. १९७९: आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार.

आणि १९८८ साली वॉशिंग्टनला जरूर थांबा. मोठं सभागृह आहे, छताला झुंबरं लखलखतायत, जगभरचे आरोग्यतज्ज्ञ बसलेत. व्यासपीठावर जामखेड तालुक्यातल्या जवळक्याच्या मुक्ताबाई पोळ उभ्या आहेत, गावच्या आरोग्य कार्यकर्त्या. त्या झुंबरांकडं बोट दाखवतात. डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, म्हणतात. सुंदर, महाग आणि लांब. मग पिशवीतून दोन साध्या वातीच्या दिव्या काढतात, एक पेटवतात, तिच्यावरून दुसरी पेटवतात. आम्ही अशा आहोत, स्वस्त आणि साध्या, पण एकीवरून दुसरी पेटते, हे झुंबराला जमत नाही. सभागृह उठून उभं राहतं. ही त्याच रात्रीच्या खोलीतून आलेली वाट आहे. ज्या बायांना आपलं नाव सांगता येत नव्हतं, त्यांच्यातल्या एकीनं जगाला सांगितलं, की डॉक्टरीचं ज्ञान वाटून टाकलं तर ते कमी होत नाही.

मला जामखेडबद्दल सगळ्यात जास्त आदर याच गोष्टीचा वाटतो. सुधारकांची आशा बहुधा अशी असते, की लोक आपल्यासारखे होतील. इथं दोन नामवंत डॉक्टरांनी स्वतःची मानाची जागा, ज्ञानावरची मक्तेदारी, रुग्णाला वाटणारा धाक, हे सगळं उतरवून ठेवलं. ज्या दलित बाईच्या सावलीचा विटाळ मानला जायचा तिच्या हाती त्यांनी बाळंतपणाची किल्ली दिली. औषध हे निमित्त होतं. गाव बदलायचा होता, आणि तो बदलण्याचं काम त्यांनी अशा हातांत दिलं, ज्यांना तो बदलण्याची गरज सगळ्यांत जास्त होती.

तरी तुमची दिशाभूल मला करायची नाही. जामखेड तालुक्यात जात संपलेली नाही. २०१४ साली याच तालुक्यातल्या खर्ड्यात एका सतरा वर्षांच्या दलित मुलाला मारून टाकलं गेलं. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलण्याचा त्याच्यावर आरोप होता. २०१७ मध्ये न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. एका पांघरुणाखाली झोपलेल्या बायकांच्या नातवंडांच्या तालुक्यातली ही गोष्ट आहे. दर हंगामात इथून आणि शेजारच्या बीडमधून बैलगाड्या, ट्रक भरून माणसं कोयता घेऊन ऊस तोडायला जातात, मुलांच्या शाळा सुटतात. पाण्याचं दुखणंही गेलेलं नाही. आरोळ्यांच्या वाट्याला जे आलं ते त्यांनी निष्ठेनं केलं. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. उरलेलं काम कुणाचं, हे नीट विचारायला हवं, आणि तो प्रश्न पहिल्यांदा आपल्याला, या टापूत राहणाऱ्यांना आहे.

आता परत आपल्या सालात या. २००५ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं आणि गावोगाव 'आशा' नेमल्या. गावातलीच, लग्न झालेली बाई, गावानं निवडलेली. जामखेडची आणि तशा इतर प्रयोगांची छाप त्यात उघड दिसते. देशात आज त्या सुमारे दहा लाख आहेत. मिरजगावातही आहेत, तुमच्या गल्लीतही असतील. करोनात तुमच्या घराच्या दारावरचा स्टिकर त्यांनीच लावला, तुमचा ताप त्यांनीच मोजला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा जागतिक सन्मान केला. पण त्या अजून सरकारी कर्मचारी नाहीत. त्यांना स्वयंसेविका म्हणतात, मोबदला अंशतः कामागणिक मिळतो, आणि तो वेळेवर मिळावा म्हणून त्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर उन्हात बसावं लागलंय.

जामखेडच्या बायाही पगारावर जगत नव्हत्या, हे खरं. पण त्यांच्यामागं एक संस्था होती. त्यांना कर्ज मिळवून देणारी, शेळ्या-कोंबड्यांचा धंदा लावून देणारी, दर आठवड्याला बोलावून शिकवणारी आणि रात्री त्यांच्या शेजारी झोपणारी. सरकारला ते सगळं करता येणार नाही. निदान पगार तरी देता येईल. आपण या प्रश्नावर एवढं करू शकतो: येत्या ग्रामसभेत आशाताईंच्या बाजूनं ठराव मांडा. आमदार दारात आले की त्यांना हाच पहिला प्रश्न विचारा. आणि आशाताई तुमच्या घरी आल्या की त्यांना ओट्यावर थांबवू नका, आत बोलवा, त्यांच्या नावानं हाक मारा, आणि त्या काय सांगतायत ते शेवटपर्यंत ऐका.